तुमचंच समजा

फरामर्जने आपलं अंजिराचं झाड देऊन टाकलं ते सप्टेंबरातल्या एका शनिवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला. द्यायचा त्याचा काडीइतकाही विचार नव्हता. शहराच्या भाड्याच्या बागेत शेजारचा वाफा कसणारा याप कुंपणाच्या झुडपावरून मान लांब करून म्हणाला, "झाड फार छान झालंय तुझं," आणि फरामर्जने मातीने भरलेला हात छातीवर ठेवून म्हटलं, "तुमचंच समजा, याप आगा."

फरामर्जच्या शिराझकडचा कुणीही शहाणा माणूस यावर म्हणाला असता, छे छे, तुमच्याच हाताखाली शोभतं ते. फरामर्ज म्हणाला असता, नाही, घ्याच. समोरच्याने पुन्हा हात जोडले असते, आणि झाड जागच्या जागी ठेवून दोघेही समाधानाने घरी गेले असते. पण याप शिराझकडचा नव्हता. तो इथलाच, आल्कमारचा होता, बहात्तर वर्षांचा, उभा जन्म कालव्यांच्या दरवाजांची देखभाल करण्यात घालवलेला. पाणी इकडे आहे की तिकडे, एवढंच त्याला माहीत. त्याने थोडा वेळ विचार केला.

"खरंच?" त्याने विचारलं.

"खरंच म्हणजे काय? तुमच्यापुढे झाडाची ती काय मातब्बरी."

"मोठी गोष्ट आहे, म्हणून विचारतोय. तुला नक्की द्यायचंय?"

"आता पुन्हा विचारलंत तर मला राग येईल हं," फरामर्ज म्हणाला.

हीसुद्धा बोलायची रीतच. याप मात्र गप्प झाला. समोरचा रागावणार म्हणतोय, तर कशाला विचारा. त्याने खिशातून छोटी डायरी काढली आणि पानं उलटली.

"आत्ता हलवलं तर मरेल. पानं गळू देत. चौदा नोव्हेंबर, शनिवार, सकाळी दहा. जमेल?"

"तुम्ही म्हणाल तो दिवस," फरामर्ज म्हणाला. तोंडाला एकदा वळण लागलं की ते मध्येच थांबत नाही.

"छान. आभारी आहे," याप म्हणाला. "आणि तुझ्या टोमॅटोला कीड लागलीय. गवतही नियमापेक्षा जास्त वाढलंय, बागेच्या कमिटीची चिठ्ठी येईल." एवढं सांगून तो घेवड्याच्या काठ्या उपसायला निघून गेला.

फरामर्ज नऊ वर्षं या देशात होता. स्टेशनखालच्या सायकलतळावर तो लोकांच्या सायकली दुरुस्त करायचा, आणि शनिवार-रविवार या वाफ्यावर असायचा. झाड त्याच्या वडिलांच्या अंगणातलं होतं. वडील गेले तेव्हा तो घरी गेला होता; परतताना एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, मोज्यात खुपसून, बॅगेच्या तळाशी घालून त्याने आणली. दोन वर्षं ती कुंडीत नुसती काडी होती. मग जमिनीत गेली, मग माणसाच्या उंचीची झाली, आणि याच उन्हाळ्यात तिला पहिली अंजिरं धरली. अकरा. काळी, बोटाएवढी. गावाकडचं घर भावाने विकलं होतं आणि घेणाऱ्याने अंगणात फरशी घातली होती, तेव्हा वडिलांच्या झाडाचं जगात उरलेलं असं हे एवढंच होतं. हे सगळं यापला माहीत नव्हतं, कारण फरामर्जने ते कधी सांगितलं नव्हतं. आपलं दुःख लोकांच्या ताटात वाढायचं नसतं, असं त्याचं मत.

घरी त्याने ही गोष्ट शहलाला गंमत म्हणून सांगितली. शहला त्याची बायको, दातांच्या डॉक्टरकडे लोकांना वेळा देण्याचं काम करायची. ती कोथिंबीर चिरत हसत होती. डायरीशी गोष्ट आली तशी सुरी थांबली.

"डायरीत लिहिलं?"

"पेन्सिलीने."

"फरामर्ज जान, इथे लोक सख्ख्या आईला भेटायचं तरी डायरीत लिहितात. तो झाड नेणार."

"छे. चांगला माणूस आहे. त्याला कळेल की मी मनापासून म्हटलं नाही."

"कसं कळेल? तू तीनदा हो म्हणालास."

"तीनदा म्हणालो, त्यावरूनच कळायला हवं."

शहलाने त्याच्याकडे, दातदुखी असूनही काही होत नाही म्हणणाऱ्या रोग्याकडे पाहावं तसं पाहिलं. "उद्या जा आणि सांग, द्यायचं नाही म्हणून."

"तोंडातून गेलेला शब्द परत घेऊ? मग माझी किंमत काय राहिली?"

"आणि झाड?"

फरामर्जने दुसरा मार्ग धरला. तो यापला सुचवणार होता.

ऑक्टोबरभर त्याने सुचवलं. पहिल्यांदा तो भाजी-भाताचं झाकलेलं ताट घेऊन गेला. याप खात असताना त्याने सहज म्हणून विषय काढला, "माझे वडील म्हणायचे, अंजीर एका जागचं दुसऱ्या जागी नेलं की नेणाऱ्याच्या घरात आजारपण येतं."

"चुकीचं म्हणायचे," याप म्हणाला. "मी वाचलंय त्यावर. मुळांचा गड्डा मोठा ठेवून काढलं की काही होत नाही. भात छान आहे, भाजी जरा आंबट झालीय."

पुढच्या खेपेला फरामर्जने दुकानातून अंजिराचं नवं रोप आणलं, गाठोड्यात बांधलेलं, लेबलसकट. "तुमच्यासाठी."

"मला कशाला? मला तुझं मिळतंय की." यापने लेबल वाचलं. "ही जात इथे फळत नाही. तुला फसवलंय दुकानदाराने. परत देऊन ये."

तिसऱ्या खेपेला फरामर्ज इतका पुढे गेला की त्याची त्यालाच लाज वाटली. झाडाकडे बघत तो म्हणाला, "कधी कधी मी बोलतो याच्याशी. एकटा असलो की."

"मग येत जा की माझ्याकडे बोलायला," याप म्हणाला. "मला काही अडचण नाही. फक्त आधी सांग."

फरामर्जच्या हिशेबाने आता तो बोंबा मारून सांगत होता. त्याच्या गावात एवढ्यावर माणसाने झाड तर सोडलं असतंच, वर मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला आला असता. यापच्या हिशेबाने मात्र ते दोघे ऑक्टोबरभर झाडांबद्दल गप्पा मारत होते, आणि शेजारी बराच बोलका झाला याचं त्याला बरं वाटत होतं.

चौदा नोव्हेंबरला पानं गळलेली होती. आज सांगायचंच, असं ठरवून फरामर्ज साडेनऊलाच वाफ्यावर आला. बरोबर दहाला याप आला: ढकलगाडी, दोन फावडी, गोणपाट, कॉफीचा थर्मास आणि बिस्किटं दोन, माणशी एक. त्याने कोट काढून झुडपावर टाकला आणि खोडापासून वीतभरावर फावडं रोवलं.

वीतभर. एवढ्या जवळून खणलं तर निम्मी मुळं तुटून जातील. "थांबा," फरामर्ज म्हणाला, आणि यापला वाटलं तो आता मदत करणार. तसंच झालं. त्याने यापच्या हातातलं फावडं घेतलं, चांगलं दोन हात अंतर सोडून गोल आखला, आणि तासभर खपून स्वतःच्या हाताने स्वतःचं झाड बाहेर काढलं. एकही जाड मूळ त्याने तुटू दिलं नाही. गड्डा गोणपाटात बांधला, गाठी मारल्या, आणि गाडीवर चढवायला खालून खांदा दिला.

"चांगलं खणतोस," याप म्हणाला. यापने एखाद्याला चांगलं म्हटलं की ते खरंच चांगलं असायचं. फरामर्जला त्या क्षणी त्या शब्दाचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुठल्या शिवीचा आला नव्हता.

त्याच्या वाफ्यात खड्डा राहिला. तो त्याने बुजवला नाही. दुपारी कमिटीतल्या बाई सायकलवरून जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, "खड्डा बुजवा, कुणीतरी पडेल." त्यालाही तो हो म्हणाला.

झाड काही परदेशी गेलं नव्हतं. झुडपापलीकडे वीस पावलांवर, यापच्या शेडच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी उभं होतं. तेच वाईट होतं. बुधवारी काम आटोपून फरामर्ज आला तेव्हा भिंतीवर आडव्या तारा ताणलेल्या दिसल्या, पाच ओळी, पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ.

"तारा कशाला?"

"भिंतीला सपाट बांधणार," याप खुशीत म्हणाला. "ऊब मिळते, फळ लवकर पिकतं. इथे जुनं नाशपतीचं झाड होतं तेही तसंच बांधलेलं होतं. शनिवारी पुढे आलेल्या फांद्या कापतो. सगळ्या. डाव्या-उजव्या तेवढ्या ठेवायच्या."

पुढे आलेल्या फांद्या म्हणजे निम्मं झाड. ज्या फांदीवर अकरातली सात धरली होती ती तर नेमकी पुढे होती. वडिलांच्या अंगणातलं झाड एवढं पसरलेलं होतं की उन्हाळ्यात त्याखाली पाच खाटा पडायच्या. त्याचं पोर इथे भिंतीला पाठ लावून हात पसरून उभं राहणार होतं, शिक्षा झालेल्या शाळकरी मुलासारखं. आणि यात यापचं चुकत काहीच नव्हतं. या हवेत अंजीर असंच वाढवतात, हे फरामर्जलाही ठाऊक होतं.

शुक्रवारी संध्याकाळी शहलाने त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि म्हणायला लावलं.

"क्षमा करा, याप आगा," फरामर्ज म्हणाला, "तुम्हाला त्रास होणार नसेल, आणि शक्य असेल, तर मला एक छोटीशी—"

"ही सजावट काढ."

"याप आगा, तुमच्या माझ्यावर इतक्या वर्षांच्या उपकारांनंतर खरं तर मला बोलायचा अधिकार—"

"हीपण काढ."

"मग राहतं काय?"

"जे सांगायचंय ते." शहलाने बोटांवर मोजून दाखवलं. "मला झाड द्यायचं नव्हतं. ते मला परत हवंय. दोन वाक्यं. दवाखान्यात लोक यापेक्षा लांब बोलतात, तेही तोंड उघडं ठेवून."

दोन वाक्यं तो रात्री झोपेपर्यंत घोकत होता. त्याला ती नागडी वाटत होती.

शनिवारी याप कात्रीला तेल देत बसला होता. फरामर्ज झुडपातल्या फटीतून पलीकडे गेला, समोर उभा राहिला, आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाला, "मला झाड द्यायचं नव्हतं. ते मला परत हवंय."

यापने कात्री मांडीवर ठेवली. तो रागावला नव्हता, अजून त्याला कळलंच नव्हतं. "कुठलं झाड?"

"हे. अंजीर."

"तू दिलंस ते."

"हो."

"मी तुला तीनदा विचारलं."

"हो."

"तू स्वतः खणलंस."

"तुम्ही फार जवळून खणत होतात."

यापचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, आधी कान, मग मान. "म्हणजे तू खोटं बोललास."

"खोटं नाही. तो मान असतो. आमच्याकडे समोरच्याने एखाद्या वस्तूचं कौतुक केलं की ती त्याला देऊ करतात. घेत नाहीत कुणी."

"मी विचारतो आणि तू खरं सांगतोस, याला मान म्हणतात," याप म्हणाला. "मला मूर्ख बनवलंस तू. दोन महिने मी इथे तारा मोजत होतो. जावयाला सांगितलं, शेजारी बघ कसा आहे." तो उठून उभा राहिला. "आणखी काय काय होतं असं?"

"कसं?"

"म्हणायचं एक आणि मनात एक. माझं वाटाण्याचं सूप? दर हिवाळ्याला तुला डबा देतो."

फरामर्ज म्हणाला, "सूप बरं असतं. त्यातलं सॉसेज मी खात नाही. डुकराचं असतं."

"सहा वर्षं मी त्यात जास्तीचं घालतोय तुझ्यासाठी. कोण खातं?"

"वरच्या मजल्यावरचा कुत्रा."

यापने मान हलवली. हसला नाही. झाडाच्या बुंध्याकडे बघत त्याने विचारलं. आवाज एकदम खाली गेला होता.

"आणि मंगळवार?"

यापची बायको रीट शेवटचे सात महिने खालच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. तेव्हा फरामर्ज म्हणाला होता, काहीही लागलं तर सांगा, जीव हजर आहे. यापने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, मंगळवारी दुपारी दोन ते चार कुणीतरी हवंय, मला जरा बाहेर पडता येईल. फरामर्ज आला. रीट जाईपर्यंत दर मंगळवारी आला. त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं.

"मंगळवारी यायचं होतं का तुला?" यापने विचारलं. "की तोही मानच होता? मला आता कसं कळायचं, फरामर्ज? कुठलं खरं धरायचं मी?"

तो माझा बहुमान होता, हे शब्द फरामर्जच्या ओठांवर तयार होते. ते खरेही होते, पण आता ते चालणार नव्हते. यापची अख्खी दोन वर्षं त्या एका उत्तरावर उभी आहेत हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याला भीती वाटली.

"पहिले तीन मंगळवार नव्हतं यायचं," तो म्हणाला. "कामावरून अर्धी सुट्टी मागावी लागायची. खोलीत औषधांचा वास असायचा. रीट माझ्या बोलण्यातल्या चुका काढायची, एक सोडायची नाही. मी बोलून बसलो होतो म्हणून यायचो."

"आणि मग?"

"मग ती मला पत्त्यांत फसवायला लागली. माझे पत्ते खिडकीच्या काचेत बघायची. मला कळायचं, तिला कळायचं की मला कळतंय. मग मी सोमवारपासूनच वाट बघायला लागलो."

"काचेत बघायचीच ती," याप म्हणाला. "माझ्याशीही." तो पुन्हा बाकावर बसला. "हे आत्ता मला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीस ना?"

"बरं वाटावं म्हणून सांगायचं असतं तर पहिले तीन मंगळवार सांगितले नसते. आणि झाडही मागितलं नसतं."

यापने यावर नीट विचार केला, सप्टेंबरात केला होता तेवढाच वेळ घेऊन. "हे पटतं," तो म्हणाला. कात्री त्याने म्यानात घातली आणि शेडमधून फावडी आणली.

माती आठवड्यापूर्वीचीच होती, भुसभुशीत. काढायला वेळ लागला नाही. गड्डा गोणपाटावर आला तेव्हा दोन-तीन बारीक मुळं तुटून लोंबत होती. फरामर्जने ती बोटांनी आत सारली.

"जगेल?" त्याने विचारलं.

"अर्धी शक्यता. दोनदा हललंय. खरं विचारशील तर अर्ध्याहून कमीच."

फरामर्जला रडू आलं. त्याने ते लपवायला मान खाली घातली, मग घातली ती वर केली.

"मला ते हवं होतं," याप गाठ मारता मारता म्हणाला. "मोकळी भिंत दिवसभर बघत बसतो मी. मला वाईट वाटतंय, हे तुला सांगून ठेवतो. राग नाही, पण वाईट वाटतंय."

"हो," फरामर्ज म्हणाला. घेऊन टाका मग, असं त्याच्या तोंडात आलं, आणि त्याने ते गिळलं.

झाड गाडीवर चढलं. याप ढकलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मुठी धरून, फरामर्जकडे न बघता, तो म्हणाला, "रीटला पोहोचवून आल्यावर तू विचारलं होतंस, मंगळवारी येत राहू का म्हणून."

"तुम्ही म्हणालात, गरज नाही."

"हो. म्हणालो."

"मला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे नसेल."

"होती," याप म्हणाला.

पलीकडच्या वाफ्यावर कुणीतरी पाला जाळत होतं, त्याचा धूर मध्ये आला आणि गेला. दीड वर्ष दर मंगळवारी दोन वाजता फरामर्जचे हात सायकलींमध्ये थांबायचे, आणि दीड वर्ष तो स्वतःला बजावायचा की ही माणसं नको म्हणतात तेव्हा त्यांना नको असतं, उगाच गळ्यात पडू नये.

"मग तेव्हाच सांगायचं होतंत," तो म्हणाला.

"हो," याप म्हणाला. "सांगायचं होतं."

गाडीचं चाक मातीत रुतलं होतं. एकाने डावी मूठ धरली, एकाने उजवी, आणि त्यांनी जोर लावला.